शिक्क्याची कुऱ्हाड

ज्या घरात एकोणचाळीस कुऱ्हाडी असतात त्या घरात जळण कधीच वेळेवर फोडलेलं नसतं, हे मी स्वानुभवानं सांगते. आमच्या घरात तेवढ्या होत्या. शिवाय कोयते, लांब दांड्याचे धाऱ्ये, सुऱ्या, आणि एक अशी वस्तू की जिला तिच्या लोहारानंही नाव दिलं नव्हतं. आणि तरी सकाळी चहाच्या आधणाखाली घालायला दोन ढलप्या हव्या असल्या की मी शेजारच्या पोस्टमास्तरणीकडे जाऊन तिची बोथट कुऱ्हाड मागून आणत असे. ती दरवेळी म्हणे, "घरात एवढी हत्यारं, आणि मागायला माझ्याकडे?" मी म्हणे, "आमची शोभेची आहेत."

आमचे हे जंगलखात्यात रेंजर होते. गोष्ट दुसरी लढाई पेटण्याच्या चार-पाच वर्षं आधीची. बिऱ्हाड शहाद्याला होतं, पण दिवाळीचा फराळ संपला की दौरा निघायचा तो होळीपर्यंत. डोंगराच्या पायथ्यापर्यंत बैलगाड्या, पुढे अक्राणीच्या डोंगरात एक घोडं आणि माणसांची डोकी. एक तंबू, दोन राहुट्या, भांडी, दप्तर, आणि दोन माणसांनी उचलावी लागे अशी एक सागाची पेटी. त्या पेटीत हत्यारं. तेलात भिजवलेल्या फडक्यांत ती बाळंतपणातल्या पोरांसारखी गुंडाळलेली असत. हे मलाही बरोबर नेत. बायकोशिवाय करमत नाही असं ते लोकांना सांगत. खरं कारण असं की मागच्या दौऱ्यात शिपायाच्या हातची खिचडी खाऊन त्यांचं पोट बिघडलं होतं.

हा नाद लागला तो एका चाकूपायी. खात्याचे मोठे साहेब एकदा आमच्या क्याम्पवर आले. त्यांच्याजवळ बारा पात्यांचा विलायती चाकू होता. त्यात घोड्याच्या खुरातला खडा काढायचा आकडासुद्धा होता. तीन दिवस हे त्या चाकूनं भारावले होते. चौथ्या दिवशी त्यांचा अपमान झाला. म्हणजे कोणी केला नाही, त्यांनी आपणहून करून घेतला. "आपल्या लोहाराच्या हातात काय कमी आहे? हाताची घडण ती हाताची घडण." सरकारी नोकरीत खादी घालायची सोय नव्हती, तेव्हा ह्यांचं सगळं देशप्रेम कुऱ्हाडींच्या वाटेनं बाहेर पडलं.

मग प्रत्येक बाजार. मोलगीच्या बाजाराला तर डोंगर चढून, उतरून, पुन्हा चढून जायचं. तिथे लोहार भाता लावून बसलेला असे आणि त्याच्यापुढे नुसती पाती मांडलेली असत. ह्यांनी पहिल्यांदा विचारलं, "दांडा कुठे आहे?" लोहार त्यांच्याकडे पाहतच राहिला. बूट विकणाऱ्याकडे पाय मागावेत तसं त्याला वाटलं असणार. तो म्हणाला, "दांडा जेना तेनी बसाडाना." तिकडची रीतच तशी. लोहार पातं देणार. दांडा ज्याचा त्यानं जंगलातून धावड्याचा आणायचा, आपल्या हाताच्या लांबीला छाटायचा, चुलीवरच्या धुरात महिना-दोन महिने टांगायचा, आणि मग बसवायचा. एकाच्या दांड्यावर दुसऱ्याचा हात बसत नाही. भाऊ भावाला कुऱ्हाड उसनी देतो तीसुद्धा अडचण असेल तरच.

ह्यांनी ती रीत वहीत उतरवून घेतली आणि लोणखेड्याच्या सुताराला धावड्याचे डझनभर दांडे करायला सांगितलं. त्यानं सगळे एका मापाचे, रंधा मारून, टेबलाच्या पायांसारखे करून दिले. पाती त्यांत बसवून भिंतीवर टांगली तेव्हा हे उदास झाले. त्यांना हवा होता तो वर्षानुवर्षांच्या तळव्यांनी काळा झालेला, मधे झिजलेला दांडा. तो सुताराकडे मिळत नाही. तो माणसाच्या खांद्यावर मिळतो.

म्हणून मग अदलाबदल सुरू झाली. शहाद्याच्या मारवाड्याच्या दुकानातून कारखान्यात घडलेली चकचकीत विलायती पाती आणायची, त्यांना लोणखेड्याचे दांडे लावायचे, आणि डोंगरात कोणाच्या खांद्यावर जुनी सुरेख कुऱ्हाड दिसली की म्हणायचं, "ही दे, ही नवी घे." कोणीही नाही म्हणालं नाही. हे घरी येऊन सांगत, "लोक किती खूश होतात!" रेंजरनं खांद्यावरच्या कुऱ्हाडीकडे बोट दाखवल्यावर नाही म्हणायची जंगलात पद्धत नसते, हे काही त्यांच्या ध्यानात आलं नाही. माझ्याही उशिराच आलं.

आलेल्या प्रत्येक कुऱ्हाडीचं अनेकांनी एकच स्वागत केलं. मामलेदार आले, म्हणाले, "कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ." डॉक्टर आले, तेही तेच म्हणाले. हेडमास्तर तर दारातूनच म्हणत आत आले. प्रत्येकाला वाटे ते आपल्यालाच सुचलं, आणि मी प्रत्येकाला पोहे देत होते.

सुऱ्यांची परीक्षा हे स्वतः घेत. डाव्या हातावर पातं फिरवायचं, केस निघाले तर सुरीला पाणी बरोबर दिलेलं आहे. त्या काळात ह्यांच्या डाव्या हाताला कोपरापासून मनगटापर्यंत एक केस नव्हता. सगळ्यांत लाडकी होती ती जुन्या कानशीची घडवलेली सुरी. पाठीकडून तिच्यावर कानशीचे दाते अजून पुसट दिसत. ती कशालाही वापरायची नाही असा हुकूम होता. मी म्हसावदकडच्या शेतकऱ्याची लेक. धारेचं हत्यार नुसतं बघत बसायची आमच्याकडे कोणाला फुरसत नव्हती. मी चोरून तिनं वांगी चिरत असे, कांदे चिरत असे. एकदा ह्यांनी फडकं उलगडलं, सुरी नाकाशी नेली, आणि म्हणाले, "हिला कांद्याचा वास कसा?" मी म्हटलं, "पाणी देताना लोहार जेवत असेल."

आता शिक्क्याचं सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. अदलाबदलीतली नवी विलायती कुऱ्हाड दिसायला हुबेहूब खात्याच्या कुऱ्हाडीसारखी. एका शिपायानं ती एका माणसाच्या खांद्यावर पाहिली आणि खात्याची चोरली म्हणून त्याला दिवसभर नाक्यावर बसवून ठेवलं. ह्यांना फार वाईट वाटलं. माणूस म्हणून वाईट नव्हते हे, तीच तर अडचण होती. त्यांनी उपाय काढला. खात्याचा एक हातोडा असे, त्याच्या तोंडावर सरकारचा वाटोळा शिक्का कोरलेला. तोडून आणलेल्या लाकडावर तो मारला की ते लाकूड पास. मग नाक्यावर कोणी अडवत नाही. हे म्हणाले, देईन त्या कुऱ्हाडीच्या दांड्यावर हा शिक्का मारून देतो, म्हणजे शिपायाला कळेल की ही रेंजरनं दिलेली आहे.

मी विचारलं, "खात्याचा हातोडा असा वापरलेला चालतो का?"

"हातोडा लाकडावरच मारायचा असा नियम आहे," हे म्हणाले. "आणि दांडा लाकडाचाच आहे."

ह्यांच्या हुशारीपुढे मी नेहमी हात टेकत आले. त्या दिवशी टेकायला नको होते.

अक्राणीत जिथे आमचा तंबू दरवर्षी पडे तिथे समोरच्या डोंगरावर एक म्हातारा राहायचा. म्हातारा म्हणजे पन्नाशीचाच असेल, पण तिकडे माणूस लवकर सुकतो. क्याम्पला पाणी आणि जळण तोच पुरवी. घरात त्याची पावरी बोली, माझ्याशी बाजारातली मोडकी अहिराणी. आमच्या माहेरची बोली जंगलात त्याच्या तोंडून ऐकायला मला बरं वाटे, कारण हे लग्नानंतर माझ्याशी कचेरीचीच भाषा बोलत आले होते. ह्या म्हाताऱ्याच्या कुऱ्हाडीवर हे पाहताक्षणीच भाळले होते. पातं अर्ध्यावर झिजलेलं, दांडा काळाभोर आणि जिथे मूठ यायची तिथे बोटांच्या खळ्या. ती घेऊन त्याला शिक्क्याची नवी दिली. जुनी आमच्या भिंतीवर मधोमध लागली.

पुढच्या हिवाळ्यात पाहिलं तर तो लोणखेड्याचाच दांडा वापरत होता. त्याच्या हाताला तो दीड वीत लांब होता. घाव घालताना दर वेळी कोपर वाकडं करावं लागे.

मी म्हटलं, "दांडा बदली टाक ना."

"कसा बदलू? तेवर शिक्का शे."

मी हे ह्यांना सांगितलं. त्या रात्री हे दोन भाकरी जास्त जेवले. रेंजरच्या भेटीचा म्हाताऱ्याला एवढा अभिमान!

अभिमान नव्हता, हिशेब होता, आणि हिशेब चोख होता. जंगलातलं कोणतंही लाकूड शिक्क्याशिवाय चोरीचं आणि शिक्क्यानं पास, हे त्याला लहानपणापासून शिपायांनी शिकवलेलं. मग कुऱ्हाडीलाच शिक्का असला तर ती कुऱ्हाड पास, आणि पास कुऱ्हाडीनं तोडलेलं लाकूडही पास. म्हणून तर तो नकोसा दांडा तो दोन वर्षं वागवत होता. ह्यात चूक नेमकी कुठे आहे हे मला अजूनही दाखवता येणार नाही.

तिसऱ्या हिवाळ्यात त्याच्या मुलाचं लग्न ठरलं. मुलासाठी वेगळी झोपडी घालायची, तिला मधला खांब हवा. त्यानं राखीव जंगलातला एक साग निवडला, तोही वाटेला लागून, उचलायला सोपा म्हणून. भर दुपारी, सगळ्यांना ऐकू येईल अशा घावांनी तो पाडला. आवाज ऐकून शिपाई धावत आला. म्हाताऱ्यानं त्याला रामराम केला आणि एका बाजूनं हात लावायला सांगितलं.

शिपायानं त्याला क्याम्पवर आणलं. कुऱ्हाडीला जप्तीची चिठ्ठी बांधलेली. म्हातारा जराही घाबरलेला नव्हता. शिपायाच्या अडाणीपणाची त्याला कीव येत होती. ह्यांच्यापुढे दांडा धरून म्हणाला, "सायेब, याले सांग. तुन्ही कुऱ्हाड शे. हाऊ शिक्का शे, पाही ले."

ह्यांनी पाहिला. मग शिपायाला कागद लिहायला पाठवलं आणि तंबूत येऊन खाटेवर बसले.  मोठे साहेब त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत तपासणीला यायचे होते. सरकारचा शिक्का रेंजरनं खासगी कुऱ्हाडीवर मारला, आणि त्या कुऱ्हाडीनं राखीव साग तुटला. नोकरी तर जाणारच, वर खटला. हे माझ्याकडे बघत होते आणि लग्नानंतर पहिल्यांदाच घरच्या बोलीत म्हणाले, "आते मी काय करू?"

मला त्यांची दया आली. खरं सांगायचं तर स्वतःचीही आली. दोन लहान मुलं शहाद्याला माझ्या आईपाशी होती. सरकारी घर, पगार, माहेरी असलेला मान, सगळं त्या एका वाटोळ्या खुणेत अडकलं होतं.

ह्यांना काहीच सुचलं नाही. ते घोड्यावर बसून शिपायाला घेऊन घाटापर्यंत साहेबांना सामोरे गेले. म्हाताऱ्याला बांधायची गरज कोणाला वाटली नाही. पळून जावं असं काही आपण केलंय असं त्याला वाटतच नव्हतं. तो मोहाच्या झाडाखाली बसून राहिला. कुऱ्हाड तंबूच्या खुंटीला टेकवलेली. क्याम्पवर आम्ही दोघंच.

किल्ली कुठे असते ते मला माहीत होतं, मी पेटी उघडली. कानशीची सुरी काढली, कुऱ्हाड मांडीवर घेतली आणि शिक्का तासायला लागले. धावड्याचं लाकूड ते. सुरी घसरत होती, ढलपी निघत नव्हती. म्हातारा थोडा वेळ बघत राहिला. मग त्याला राहवेना.

"बाय, तसं नही. लाकूडनी रग पाहीसन चालाड."

मी लाकडाच्या रेघांच्या दिशेनं सुरी चालवली. तरी जमेना.

"पन काढस काबरं?"

त्याला काहीतरी बनवून सांगता आलं असतं. मी खरं सांगितलं. साहेबानं हा शिक्का पाहिला तर रेंजरसाहेबाची नोकरी जाईल.

तो विचारात पडला. "जाई?"

"जाई."

"आन मन्हं काय?"

"तुले सोडतीस," मी म्हटलं.

कोणाच्या अधिकारात म्हणाले मी ते? एका सागाला दंड होतो आणि दंड आम्ही गुपचूप भरून टाकू, एवढाच विचार माझ्या डोक्यात होता. तो विचार बरा होता, पण म्हाताऱ्याला मी तो सांगितला नाही. त्याला मी वचन दिलं. रेंजरच्या बायकोचं जंगलात किती चालतं हे त्याला माहीत नव्हतं, आणि मी त्या घटकेपुरती विसरले होते.

त्यानं माझ्या हातातून सुरी घेतली. दांडा दोन पावलांमधे धरला आणि तासायला लागला. मी जन्मात कोणाला इतक्या हळुवारपणे लाकूड तासताना पाहिलं नाही. पातळ पातळ साली निघत होत्या. शिक्क्याच्या वाटोळ्याची एक बाजू गेली, मग मधली अक्षरं, मग दुसरी बाजू. शेवटी अंगठा फिरवून त्यानं खातरी करून घेतली. सुरी उलटी करून मूठ माझ्याकडे करत म्हणाला, "चांगली शे. रोज वापरत जा, नही ते गंजी जाई."

त्या पेटीतल्या हत्यारांबद्दल एवढं शहाणपणाचं कोणीच बोललं नव्हतं. मी त्याला भाकरी आणि वांग्याची भाजी दिली. मला इतकं हलकं वाटत होतं की मी स्वतःही जेवले.

दिवस मावळायच्या आत साहेब आले. तंबूपुढे खुर्ची टाकली. साहेबांना मराठी जेमतेम, म्हाताऱ्याचं बोलणं त्यांना मुळीच कळेना, म्हणून मधे हे उभे. मी कनातीआड होते. शिपायानं घडलं ते सांगितलं, आणि शेवटी, शिक्का कोणी मारला ते गाळून, "हा म्हणतो कुऱ्हाडीवर सरकारी शिक्का आहे." ह्यांनी ते इंग्रजीत सांगितलं.

साहेबांनी कुऱ्हाड मागितली. दांडा फिरवून पाहिला. एका जागी लाकूड ताजं पांढरं होतं. त्यांनी तिथे बोट ठेवलं आणि काहीतरी विचारलं. ह्यांनी मराठीत विचारलं, "शिक्का कुठे आहे?"

"व्हता," म्हातारा म्हणाला. "आते नही. काढी टाका."

"कोणी काढला?"

"मी."

आणि त्यानं कनातीकडे पाहिलं. रोखून नाही. माझी बोलायची पाळी आली आहे, एवढंच त्या पाहण्यात होतं. आपलं सांगून झालं, आता बाय पुढचं सांगेल.

माझ्या तोंडून शब्द फुटला नाही, असं लिहिणार होते. तेही खोटं. शब्द तोंडाशी आला होता, मी तो गिळला.

ह्यांनी म्हाताऱ्याचं उत्तर साहेबांना सांगितलं. अगदी प्रामाणिकपणे, शब्दाला शब्द. त्यानंच काढला असं तोच म्हणतो. साहेब जराही चिडले नाहीत. ते म्हणाले, नुसतं एक झाड असतं तर दंड घेऊन सोडलं असतं. पण जो माणूस सरकारच्या शिक्क्याचं खोटं नाव घेतो आणि शिवाय पुरावा खरडून टाकतो, त्याला सोडता येणार नाही. कागद मामलेदारांकडे गेले. म्हाताऱ्याला तीन महिन्यांची शिक्षा झाली. ती त्यानं धुळ्याच्या तुरुंगात काढली. मुलाचं लग्न त्याच्याशिवाय लागलं.

त्या संध्याकाळी साहेबांना ह्यांनी पेटी दाखवली, आणि शहाद्याला गेल्यावर भिंतही. साहेब खूश झाले. हाताच्या घडणीचं त्यांना कौतुक होतं. मधोमधच्या कुऱ्हाडीशी ते थांबले, दांड्यावरच्या खळ्यांत बोटं घालून बघितली. त्यांची बसली नाहीत. ह्यांनी ती तिथल्या तिथे काढून त्यांना भेट दिली. साहेबांनी ह्यांच्या कामाबद्दल चांगला शेरा लिहिला, आणि पुढे ह्यांना बढती मिळाली ती त्या शेऱ्यावर.

डोंगरात बातमी आमच्या आधी फिरली होती. शिक्क्याचे दांडे ज्यांच्याजवळ होते त्यांनी ते चुलीत घातले. महिन्याभरात तसा एकही उरला नाही. ते गोळा कसे करावेत ह्या काळजीनं हे रात्र रात्र जागत होते. लोकांनी ते कामही फुकट करून दिलं.

पेन्शन सुरू झाल्यावर हे ही हकीकत लोकांना सांगू लागले. आधी नाही, नोकरी होती तोवर नाही. पाहुणे बसले, चहा झाला, की सुरू. "डोंगरातल्या माणसाचं इमान बघा. माझी चूक होती, मी कबूल करतो. पण माझी नोकरी वाचावी म्हणून त्या म्हाताऱ्यानं आपल्या हातानं शिक्का काढून टाकला! मी त्याला बोललोसुद्धा नव्हतो. त्याला आपोआप कळलं!" सांगताना ह्यांचे डोळे खरेच भरून येत. पाहुणे म्हणत, "वा, असे लोक आता कुठे राहिले!" मी कपबश्या गोळा करत असे. सुरी कोणी काढून दिली, वचन कोणी दिलं, हे मी ह्यांना शेवटपर्यंत सांगितलं नाही. त्यांनीही विचारलं नाही की साहेबांना सामोरे गेले तेव्हा पेटीला लावलेलं कुलूप परत आल्यावर उघडं कसं होतं. मला वाटतं, विचारलं असतं तर गोष्ट बिघडली असती, आणि गोष्ट चांगली होती.

हे गोष्ट इमानापाशी थांबवत. पुढचं कोणाला सांगत नसत, तेव्हा ते मी लिहिते.

पुढच्या हिवाळ्यात तंबू त्याच जागी पडला. तिसऱ्या दिवशी सकाळी म्हातारा जळणाचा भारा घेऊन आला. केस सगळे पांढरे झाले होते. माझ्याकडे पाहून नेहमीसारखी मान हलवली, भारा टाकला आणि बसला. मी चुलीकडे वळले. ह्यांनी मात्र त्याला हाताला धरून पेटीपाशी नेलं. झाकण उघडलं, फडकी सोडली आणि म्हणाले, "ह्यातली तुला आवडेल ती घे. एक घे, दोन घे."

ह्यांच्या आयुष्यातली ती सर्वांत मोठी उदारता होती, हे मी मान्य करते. त्या पेटीतलं काही कोणाला फुकट देताना मी त्यांना पुन्हा पाहिलं नाही.

म्हातारा खाली बसला. एकेक कुऱ्हाड उचलून, दांड्यावर मूठ ठेवून, पुन्हा जागच्या जागी ठेवू लागला. हे प्रत्येकीचं वर्णन करत होते, ही कुठली, हिला पाणी किती छान. त्याचं तिकडे लक्ष नव्हतं. शेवटची ठेवून झाल्यावर पेटीचा तळ त्यानं हातानं चाचपला.

"मन्ही कोठे शे?"

हे सुटलेली फडकी आवरू लागले. म्हणून मी पुढे झाले. निदान एवढं तरी मी सांगावं.

"सायेबले दिधी," मी म्हटलं.

"कोनता सायेब?"

"तोच. तुले धुयाले, जेलमा धाडं तो."

 त्याला ते खरोखरच समजून घ्यायचं होतं. तो म्हणाला, "त्याले लाकडं तोडनी व्हतीस का?"

त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला सोसला असता. ज्याला लाकडं तोडायची आहेत त्यानंच कुऱ्हाड न्यावी, नाहीतर कशाला न्यावी, एवढंच त्याला विचारायचं होतं. हे तंबूबाहेर निघून गेले.

"नही," मी म्हटलं. "भीतवर टांगाले लई गया."

त्यानं मान हलवली आणि पेटीचं झाकण हळूच लावलं. मला त्याच वेळी सांगायचं होतं की तुला सोडतील असं मी म्हणाले ते कशाच्याही आधारावर म्हणाले नव्हते, की कनातीआडून मी बोलायला हवं होतं, की मला त्याची लाज वाटते. बोली तर माझ्याच माहेरची होती. मी म्हणाले, "भाकर खाई ले." तो म्हणाला, भूक नाही.

मग त्यानं आणलेलं जळण चुलीजवळ रचून दिलं आणि डोंगर चढायला लागला. घरी त्याच्या मुलाची कुऱ्हाड होती, पण तिनं तोडलेलं लाकूड सरकारच्या तंबूकडे आणायला तो आता तयार नव्हता. स्वयंपाकाला बसले तेव्हा मी ती लाकडं पाहिली. एकालाही धारेचा घाव नव्हता. सगळी त्यानं हातानं मोडून आणली होती.